पंचेचाळीस टक्के

४ नोव्हेंबर, सोमवार

प्रिय मुंगे,

अनेक आशीर्वाद, आणि डोक्यात नेहमीची एक टप्पल. आम्ही दोघं मजेत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. चार पानं! चार महिन्यांचं पोर मांडीवर असताना एवढं लिहायला वेळ कुठून काढलास? वाटाण्याचं वजन साडेचार किलो झालं ते वाक्य वहिनीने शेजारणीला मोठ्याने वाचून दाखवलं. सात आठवडे आधी आलेलं पोर. काचेच्या पेटीत पाहिलं होतं तेव्हा माझ्या पंजाएवढं होतं, आणि आता म्हणे दोन्ही मुठी एकदम तोंडात कोंबतो. मामावर गेलाय. मीही हाती लागेल ते तोंडात घालायचो, असं आई सांगायची.

मी बसवून दिलेल्या दिव्याबद्दल लिहिलंस ते मी तीनदा वाचलं. ‘तो रडला की समोरची भिंत लाल होते आणि मी धावते. दादा, मला पहिल्यांदाच वाटलं की मला ऐकू येतं.’ मी कारखान्यात बसून वाचत होतो. मीटरकाकांनी विचारलं, डोळ्यांना काय झालं? म्हटलं, तारांना डाग देताना धूर गेला. ते म्हणाले, आज सकाळपासून तू डाग दिलेलाच नाहीस. आमच्या मालकांना लोक उगाच मीटरकाका म्हणत नाहीत. सुईने दाखवलं तेवढंच ते खरं मानतात, माणसाच्या तोंडावर त्यांचा विश्वास नाही.

दूध वर आलं की त्याला लगेच उभं धरायचं, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ते लक्षात आहे ना? आहेच म्हणा. मी आपलं लिहितो. जावईबापू पुन्हा धरणाच्या कामावर गेले असतील. तीन आठवडे तिकडे आणि एक आठवडा घरी, ही काय नोकरी झाली. तू दिवसभर एकटीच असतेस.

आता जरा बॅटरीबद्दल. सहज विचारतोय. सकाळी उठतेस तेव्हा मीटरवर किती टक्के असतात? अगदी खाली म्हणजे किती खाली गेलेली पाहिलीस? पन्नासच्या खाली कधी गेली का? लाइन जाऊन-येऊन असते हे ठाऊक आहे, पण एका वेळी जास्तीत जास्त किती तास गेली होती? आणि दिवे आधी मंद होतात का, की एकदम जातात? म्हणजे गेलेच असतील तर. गेले नसतीलच.

बॅटरीला तू खोळ शिवलीस हे वाचून हसू आलं. माझ्याच जुन्या राखाडी कोटाची! ‘थंडीत चार्ज केली तर तिला बाधतं’ असं मी लिहिलं, आणि तू तिला कोट घातलास. बटणंसुद्धा ठेवलीस म्हणे. त्या कोटात मी सुद्धा इतका रुबाबदार दिसलो नसेन.

इथे विशेष काही नाही. काम नेहमीचंच. लोकांच्या जुन्या विजेच्या गाड्यांतून सेल निघतात, ते आम्ही एकेक करून तपासतो. पूर्ण भरायचा, पूर्ण उतरवायचा, किती साठवतो तो आकडा त्याच्या अंगावर लिहायचा. एका सेलला एक दिवस जातो. चांगले निघतील त्यांच्या घरगुती बॅटऱ्या करायच्या. तुझीही तशीच केलेली. एका माल वाहणाऱ्या गाडीतून वीस सेल निघाले होते, त्यातले सोळा तुझ्याकडे आले. चार फळीवर उरले होते. परवा ते हातात आले, म्हणून तपासायला लावलेत. वेळ होता म्हणून.

तेवढे आकडे मात्र आठवणीने लिही. आणि शक्य तोवर पन्नासच्या खाली जाऊ देऊ नकोस. कारण काही नाही, तब्येतीला बरं असतं.

वहिनी खांद्यावरून वाचतेय. म्हणते, ‘बहिणीला पत्र लिहिताय की तपासणी करताय?’ आता काय उत्तर देऊ? लहानपणी तुझं बरं होतं. कुणी नको ते बोलायला लागलं की तू डोळे मिटून बसायचीस. ओठ दिसले नाहीत की तुला काही सांगायची सोयच उरायची नाही. एकदा तर जेवायच्या वेळेपर्यंत मिटून बसली होतीस, मी समोर हातवारे करून दमलो. मला तशी सोय नाही.

वाटाण्याला पापा. उत्तर लगेच लिही.

तुझा
दादा


१५ नोव्हेंबर, शुक्रवार

प्रिय मुंगे,

तुझं पत्र काल संध्याकाळी आलं. तुमच्या दरीत फोन लागत नाही याचा मला आजवर राग यायचा. काल पहिल्यांदा बरं वाटलं, कारण फोनवर चेहरा दिसला असता.

आधी हे सांग, बाळ आता कसं आहे? ताप नाही ना? आवाज सुटला का? ‘रडून रडून घसा बसलेला दिसत होता, तोंड उघडत होता पण छातीला हात लावला तर काही थरथरत नव्हतं’, हे तुझं वाक्य डोक्यातून जात नाही. कानाखालपर्यंत दूध वाळलेलं. अंगावरचं भिजलेलं. मुंगे, देवाने वाचवलं. मला देव वगैरे फारसा ठाऊक नाही, पण कुणीतरी वाचवलं.

तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. आदल्या दिवसापासून लाइन गेलेली. आभाळ भरलेलं, त्यामुळे छपरावरच्या सौर पाट्यांतून काही येत नव्हतं. दुपारी एकच्या सुमाराला तू मीटर पाहिलंस, छप्पन टक्के. म्हणून निर्धास्तपणे बाळाशेजारी आडवी झालीस, आणि डोळा लागला. उठलीस तेव्हा तीन वाजून गेले होते. लाइन आलेली होती, मीटरवर पंचेचाळीस टक्के होते, भिंत लाल झालेली होती, आणि बाळ असं.

‘दिवा समोर पेटलेला होता आणि मी त्याच्यासमोर घोरत पडले होते. किती वेळ पेटलेला असेल, कोण जाणे. लहानपणी कानाचं यंत्र बादलीत पाडलं तेव्हापासून मी अशीच आहे, दादा. माझ्या हातात नाजूक वस्तू देऊच नये.’

असं लिहू नकोस. माझी शपथ आहे.

चार महिने तू धड झोपलेली नाहीस. माणूस आहेस, दमणारच. तुझं काही चुकलं असं मी म्हणत नाही. एकाच गोष्टीबद्दल बोलायला हवं, ती खोळ. मागच्या पत्रात मी हसण्यावारी नेलं. पण बॅटरीला पांघरूण घातलं की ती गरम होते, गरम झाली की तिचं आयुष्य कमी होतं. तशी ती काढून टाकलेली बरी. म्हणजे त्यामुळेच काही झालं असं नाही. झालंच असेल तर थोडंफार. काढून टाक.

सासूबाईंचं लिहिलंस. त्या चोवीस तारखेला चारच्या बसने येणार आणि बाळाला वर्षभर आपल्याकडे नेणार. त्यांनी जावईबापूंना सांगितलं, ‘तिची माया कमी नाही, पण मायेला कान नाहीत.’ तू सासूबाईंवर रागावली नाहीस. उलट म्हणतेस, त्यांचं बरोबरच आहे, मी कुठल्या तोंडाने नाही म्हणू? आणि मला विचारतेस, दादा, तुला काय वाटतं?

मला काय वाटतं. हे पत्र मी सकाळपासून तीन वेळा इथपर्यंत आणून फाडलंय.

एक वर्ष म्हणजे काही फार नाही, असंही वाटतं. बाळ सुरक्षित राहील. तू भेटायला जाशील. तुझी झोप होईल. पण वर्षाने ते तुला ओळखेल का, हेही वाटतं. तू घाई करू नकोस. लगेच हो म्हणू नकोस. नाहीही म्हणू नकोस. मी विचार करून लिहितो.

शेगडीवरच्या घड्याळाचं तू अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंस. उठल्यावर त्यात शून्यं लुकलुकत होती, वेळ पुन्हा लावावी लागली, म्हणून तीन वाजून गेल्याचं हातातल्या घड्याळात पाहिलंस. ते घड्याळ जुनं आहे ना? जुनी घड्याळं असं करतात.

मी जेवलो नाही म्हणून वहिनीने ताट झाकून ठेवलंय.

फळीवरच्या चार सेलांची तपासणी झाली. तीन ठीक निघाले. एक बावन्नला संपला, म्हणजे नव्या सेलाच्या बावन्न टक्केच साठवतो. मी सांगितलं होतं म्हणून लिहिलं, तुझ्या बॅटरीशी त्याचा संबंध असेलच असं नाही.

जपून राहा.

दादा


१९ नोव्हेंबर, मंगळवार, सकाळ

मुंगे,

हे पत्र टपालात टाकत नाही. तुमच्याकडे जाणाऱ्या बसच्या ड्रायव्हरच्या हातात देतोय, तो थांब्यावरच्या दुकानात ठेवील. आजच मिळेल.

त्या लाल दिव्यावर विसंबू नकोस. अजिबात नको. कारण आल्यावर सांगतो. भिंत लाल झाली नाही म्हणजे बाळ शांत आहे, असं धरून चालू नकोस. झोपायचं तेव्हा बाळाला कुशीत घे, त्याच्या छातीवर तळहात ठेव, किंवा शेजारच्या शिक्षिकाबाईंना दुपारी घरी बोलवून बसव. लाइन गेली आणि मीटर साठच्या खाली आलं की बॅटरी संपली असंच समज, मग तिथे आकडा काहीही असो.

मी गुरुवारी रात्रीच्या बसने निघतो, शुक्रवारी सकाळी पोहोचतो. हत्यारं घेऊन येतोय.

बाळाची पिशवी भरू नकोस.

दादा


२४ नोव्हेंबर, रविवार, दुपारचे बारा

मुंगे,

तू मोरीत बाळाला आंघोळ घालतेयस आणि मी तुझ्या स्वयंपाकघरात टेबलाशी बसून तुला पत्र लिहितोय. मधे फक्त एक भिंत आहे. तोंडाने सांगायला गेलो तर तू माझ्या ओठांकडे बघत राहशील, आणि तशी बघत राहिलीस तर मला अर्ध्यावर खोटं बोलावंसं वाटेल. परवापासून तेच करतोय. म्हणून लिहितो. आपण लहानपणी भांडण मिटवायच्या चिठ्ठ्या साखरेच्या डब्याखाली ठेवायचो, तशी हीसुद्धा तिथेच ठेवणार आहे.

शुक्रवारी आलो तेव्हा म्हणालो, नेहमीची तपासणी आहे. तू विश्वास ठेवलास. मला गरम पाणी दिलंस, माझी आवडती चादर काढलीस, आणि बॅटरीपाशी उभी राहून खोळ हातात घेऊन म्हणालीस, ‘सॉरी दादा, मला कळलं नाही.’ घडी करून ठेवलेली खोळ. बटणं लावलेली. मी मान हलवली. ‘असू दे’ म्हणालो. मुंगे, त्या क्षणी जमिनीत गडप व्हावं असं वाटलं, तरी मी ‘असू दे’ म्हणालो.

खोळीने काहीही झालेलं नाही. एका पावसाळ्यात आणि दोन आठवड्यांच्या थंडीत पांघरुणाने बॅटरी मरत नाही. मला ते पत्र लिहितानाही ठाऊक होतं.

खरं काय झालं ते ऐक.

जुलैमध्ये वाटाणा सात आठवडे आधी आला. तुझी बॅटरी सप्टेंबरात द्यायची ठरली होती, तिचे सेल फळीवर तसेच पडलेले होते. तू दवाखान्यातून घरी यायच्या आत दिवा लागला पाहिजे असं मी मनाशी धरलं. सोळा सेल, एकेकाला एक दिवस, आणि आमच्याकडे यंत्रं दोनच. मी चार तपासले. ऐंशीच्या वरचे निघाले चारही. म्हटलं, सगळे एकाच गाडीतले आहेत, सगळे सारखेच असणार. उरलेल्या बारा सेलांना हात न लावता मी बॅटरी जोडली.

मीटरकाकांचा नियम तुला माहीत आहे, न तपासलेला सेल दाराबाहेर जात नाही. वहीत प्रत्येकाचा आकडा लिहून सही करायची असते. मी बारा आकडे मनाने लिहिले. ऐंशी, ब्याऐंशी, एकोणऐंशी. खरे वाटावेत म्हणून मुद्दाम थोडे वरखाली केले. एवढी अक्कल चालवली.

आणि तुझ्या भिंतीवरचं मीटर. तुला वाटतं ते बॅटरीच्या आत डोकावून पाहतं. ते तसं नाही. पूर्ण भरलेली बॅटरी म्हणजे किती, हे त्याला बसवणाऱ्याने सांगावं लागतं. मग किती गेलं, किती आलं, ते त्यातून वजा करत, मिळवत बसतं. मी त्याला ब्याऐंशी सांगितलं. ते बिचारं मी सांगितलं तेच चार महिने तुला सांगत राहिलं.

शुक्रवार आणि शनिवार मी सोळाही सेलांना तारा लावून बॅटरी पूर्ण उतरवली. चौदा ठीक आहेत. एक एकावन्नला संपला. एक सेहेचाळीसला. बाहेरून काही दिसत नाही, हाताला काही लागत नाही. पण हे सोळा जण हात धरून चालतात. त्यातला एक बसला की सुरक्षेची पट्टी सगळ्यांना तिथेच थांबवते. म्हणजे तुझी बॅटरी संपते तेव्हा मीटर पंचेचाळीसच्या आसपास असतं. दिवे आधी मंद होत नाहीत. एकदम जातात.

त्या दुपारी तू छप्पनला झोपलीस. तासाभरात बॅटरी पंचेचाळीसवर आली आणि घरातली सगळी वीज गेली. शेगडीवरचं घड्याळ बंद पडलं. बाळाचं रडणं टिपणारा दिवाही त्याच विजेवर, तोही मेला. बाळाने दूध ओकलं आणि ते रडत राहिलं, किती वेळ ते मला विचार करवत नाही. मग लाइन आली. घड्याळात शून्यं लुकलुकायला लागली, दिवा पुन्हा जिवंत झाला, त्याला बाळाचं उरलंसुरलं रडणं ऐकू आलं आणि भिंत लाल झाली. त्या लाल उजेडानेच तुला जाग आली, मुंगे. तू त्याच्यासमोर घोरत नव्हतीस. तो पेटला आणि तू उठलीस. दिव्याने बोलावलं आणि तू गेलीस, नेहमीसारखीच.

घड्याळातल्या शून्यांचं वाक्य वाचलं तेव्हाच मला हे सगळं कळलं होतं. चौदा तारखेच्या संध्याकाळी. आणि पंधराला मी तुला लिहिलं की जुनी घड्याळं असं करतात. सासूबाईंकडे वर्षभर बाळ राहिलं तर फार नाही, असंही लिहिलं. मी तुझं बाळ जाऊ देत होतो, कारण ते गेलं असतं तर मला कुणी काही विचारलं नसतं.

मला भीती वाटत होती. वहीची, मीटरकाकांची, नोकरीची. पण त्याहून मोठी भीती तुझी. तुला एकच माणूस असं आहे की ज्याच्या ओठांकडे न बघताही तू विश्वास ठेवतेस. लग्नाच्या वेळी सगळ्यांदेखत तू तसं म्हणाली होतीस.

बुधवारी मीटरकाकांना सगळं सांगितलं. त्यांनी वही उघडली, माझे बारा आकडे एकेक करून बघितले, आणि वही मिटली. मला वाटलं ओरडतील. ते कपाटाकडे गेले, स्वतःच्या हाताने तपासलेले दोन सेल काढले, फडक्यात गुंडाळून माझ्यापुढे ठेवले. ‘आधी तिकडे जा,’ म्हणाले. ‘हे बसव. पुन्हा उतरवून बघ, डोळ्यांनी बघ. परत आलास की तुझं काय करायचं ते बोलू.’ मी दारापर्यंत गेलो तेव्हा मागून म्हणाले, ‘पोरगी बिचारी चार महिने तुझ्या अक्षरावर झोपत होती रे.’

ते दोन सेल काल संध्याकाळी बसवले. बॅटरी सकाळपासून पुन्हा भरतेय, भरली की मीटरकाका म्हणाले तशी पुन्हा उतरवून बघणार आहे. मीटरला आता खरा आकडा सांगितलाय, अठ्ठ्याहत्तर. तोही दरवर्षी थोडा कमी होईल. बॅटरी म्हातारी होणारच, त्याला इलाज नाही. म्हणून वर्षातून एकदा मी येऊन ती उतरवून बघत जाईन. तू येऊ देशील तर. न देशील तर मीटरकाका येतील, त्यांनी कबूल केलंय.

आणि दिव्याची आणखी एक गोष्ट. ती चूक सेलांची नाही, माझ्या डोक्याची. बाळ शांत असेल तेव्हा दिवा बंद, आणि वीज मेली तरी दिवा बंद. तू दोन्हींत फरक कसा करणार होतीस? एवढं साधं मला सुचलं नाही, कारण मला ऐकू येतं. आता तिथे एक हिरवा दिवाही लावलाय. सगळं ठीक असेल तोवर तो जळत राहील. तो विझला तर उशीखाली ठेवलेली चपटी डबी थरथरेल. तिच्यात तिची स्वतःची छोटी बॅटरी आहे. ती मी दहा वेळा तपासली. अकराव्यांदा तू तपास, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

दाराशी पिशवी दिसली. भरू नकोस म्हणून लिहिलं होतं, तरी भरलीस. झबली घडी करून, वर ती पिवळी टोपी, आणि बाजूला चिठ्ठी. मी वाचली, माफ कर. ‘दूध पाजल्यावर पाठीवरून हात खालून वर फिरवायचा. डाव्या कुशीवर झोपतो. पायाला गार लागलेलं आवडत नाही.’ मी ती पिशवी तीन दिवस रोज ओलांडतोय.

आता आलोच आहे तर आणखी एक. तुझं कानाचं यंत्र बादलीत तू पाडलं नव्हतंस. तू सात वर्षांची होतीस, मी बाराचा. आत एवढीशी बॅटरी कशी बसते ते बघायला मी ते टाचणीने उघडलं, आतली तार तुटली, आणि घाबरून खिडकीच्या कठड्यावर ठेवून दिलं. खाली बादली होती. बाबा तुला बोलले तेव्हा मी दाराआड उभा होतो. दुसरं यंत्र यायला दोन वर्षं गेली. तेव्हापासून तू म्हणत आलीस की तू वेंधळी आहेस, तुझ्या हातात नाजूक काही देऊ नये. आता सासूबाईही तेच म्हणतात. ते वाक्य मुळात माझं आहे, मुंगे. दोन्ही वेळा मीच ते तुझ्या माथी मारलं.

चारच्या बसला मी थांब्यावर जाणार आहे. सासूबाई उतरल्या की त्यांना तिथेच, रस्त्यात, हे सगळं सांगणार आहे. वहीतल्या पानांची प्रत बरोबर आणलीय, माझी सही असलेली. जावईबापूंना वेगळं पत्र लिहून ठेवलंय, तेही तू आधी वाच. एवढं करूनही त्या बाळाला न्यायचंच म्हणाल्या तर ते तू आणि त्या ठरवा. पण ज्या कारणासाठी त्या येतायत ते कारण खोटं होतं, हे त्यांना माझ्या तोंडून कळेल. तुला सिद्ध करायला लागू नये.

मोरीतलं पाणी थांबलं. तू बाळाला पुसत असशील. हे वाचायला तुला दहा मिनिटं लागतील. तू साखरेचा डबा उचलशील तेव्हा मी समोरच्या खुर्चीवर असेन. बाळ माझ्याकडे दे आणि वाच.

वाचून झालं की तू डोळे मिटशील. तुला ओळखतो मी. मीट. तुझा तो हक्क आहे, मी हातवारे करणार नाही, खांद्याला हात लावणार नाही. चारला दहा कमी असताना मी बाळ तुझ्या मांडीवर ठेवीन, म्हणजे मी निघालो हे तुला डोळे न उघडता कळेल. त्याआधी उघडलेस तर पिशवीतली झबली आपण दोघं मिळून परत कपाटात लावू.

भिंतीवर हिरवा दिवा लागलेला आहे. आत्ता, हे लिहिताना, तो खरा आहे.

तुझ्यासमोर बसलेला,
दादा